रिकाम्या तारेची साक्ष

मी मल्टिमीटर बोलतोय. नाव भारदस्त आहे, पण देह तळहातावर मावेल एवढाच. पिवळं अंग, पोटावर एक गोल खटका, कपाळावर आकडे दिसायची काच आणि बुडातून निघालेल्या दोन तारा, एक लाल, एक काळी. त्या तारांची टोकं विजेच्या वायरीला टेकवली की वायरीत किती जोर आहे ते मी कपाळावर दाखवतो. एवढंच माझं काम. त्यात लपवाछपवी नाही, कुणाची भीड नाही.

मग असं तोंड वाकडं करून का बसलाय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. मला माणसांची शिसारी आली आहे. सगळ्यांची नाही, एका बाईचा अपवाद करतो. पण तो येईल तेव्हा येईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं लांबलचक टेबलाशी बसलेली एक बाई आम्हा प्रत्येकाला खात्रीच्या विजेवर लावून बघायची. आकडा बरोबर आला तर पाठीवर हिरवी पट्टी, चुकला तर टोपली. माझा बरोबर आला. पट्टी चिकटवताना ती शेजारणीला म्हणाली, "हा गुणी निघाला बरं का." तेवढ्या कौतुकावर मी अजून जगतो आहे. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

दुकानातल्या काचेमागून मला उचललं ते कॅमेरे बसवणाऱ्या एका गृहस्थानं. चोरांवर नजर ठेवायचे कॅमेरे असतात ना, घरात, दुकानात, जिन्यात, ते. त्याचं खरं नाव काहीही असो, मी त्याला अंदाजपंचे म्हणतो. कारण त्याचा सगळा धंदाच अंदाजपंचे दाहोदरसे. मला वाटलं होतं, मला घेतलंय म्हणजे माणूस मोजूनमापून काम करणारा असेल. कसलं काय! गिऱ्हाइकासमोर बॅगेतून यंत्र निघालं की वजन पडतं, म्हणून घेतलं होतं.

त्याच्या बॅगेत माझे शेजारी म्हणजे एक पक्कड, सुकून कडक झालेली चिकटपट्टी, तोंड उघडा बिस्किटाचा पुडा आणि एक मोजा. एकच. दुसरा कुठं आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. माझ्या लाल तारेच्या टोकानं तो दात कोरायचा आणि मग तेच टोक शर्टाला पुसून लोकांच्या वायरीला लावायचा. काम झाल्यावर मला बंद करणं तर त्याच्या गावीही नव्हतं. मी बॅगेच्या अंधारात शून्य दाखवत बॅटरी जाळत पडून राहायचो.

त्याचं काम तसं अवघड नाही हो. वायरीवरच्या कॅमेऱ्याला दोनच गोष्टी लागतात. एक वायर त्याला वीज नेऊन देते, दुसरी त्याच्याकडून चित्र घेऊन येते. चित्र गेलं की आधी बघावं, वीज पोचते आहे का. मग चित्राच्या वायरीची टोकं घट्ट आहेत का ते बघावं. तरी कळलं नाही तर दुसरीकडचा चांगला कॅमेरा त्या जागी लावावा, म्हणजे दोष कॅमेऱ्यात आहे की वायरीत ते समजतं. अंदाजपंचेची रीत वेगळी. कॅमेऱ्याला एक चापट मारायची, कान लावून ऐकायचं, आणि "कॅमेराच गेला" म्हणायचं. एका कापडाच्या दुकानात चित्रावर आडवे पट्टे सरकत होते, कारण ह्यानंच चित्राची वायर पंख्याच्या वायरीला बांधून नेली होती. मालकाला म्हणाला, "हवेत ओल फार आहे." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आणि गिऱ्हाइकं तरी कुठली शहाणी? घरभर डोळे बसवतात आणि त्या डोळ्यांवरची धूळ वर्षानुवर्षं पुसत नाहीत. शेजारी किती वाजता घरी आला ते बघतात, नोकर किती वेळ बसला ते बघतात. आपलं घर बघणारा मला क्वचितच भेटला. असो. ज्या घरानं माझ्या मनाचा पार चोथा केला, त्याच्याकडे येतो.

एका इमारतीत वरच्या मजल्यावर ते घर होतं. तिथलं आधीचं मी पुढं कानावर आलेलं सांगतो. आई अंथरुणाला खिळलेल्या. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. सगळ्या भाषेतला एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता, "बघ." पाणी हवं तरी बघ, कूस बदलायची तरी बघ, राग आला तरी बघच. थोरला मुलगा आणि सून त्यांच्यासोबत राहायचे. धाकटा दूर, परगावी नोकरीला. फोनवर कॅमेऱ्यातून आईला बघायचा आणि खोलीतलं बोलणंही ऐकायचा. यायचा मात्र क्वचित. सुनेला तो वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

दिवसभर आईंचं करायला एक मावशी यायच्या. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. आईंना आजी म्हणायच्या. घास भरवताना त्या डाव्या बाजूला बसायच्या, कारण उजव्या गालात घास तसाच राहतो आणि मग ठसका लागतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी खिडकीतून ऊन थेट आईंच्या तोंडावर यायचं, डोळ्यांतून पाणी वाहायचं. म्हणून जेवण झालं की मावशी तो जाड पडदा ओढायच्या आणि आईंना शांत झोप लागायची.

आणि पडदा ओढला की कॅमेरा बंद पडायचा.

कारण मला माहीत आहे, तेही आत्ताच सांगून टाकतो. अंधार झाला की कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती बारीक लाल दिवे आपोआप लागतात, म्हणजे त्याला अंधारातही दिसतं. पण ते दिवे लागले की त्याची भूक दुप्पट होते. आता वीज देणारी पेटी होती दिवाणखान्यात. तिथून गॅलरीला वळसा घालून, स्वयंपाकघरावरून, पार मागच्या खोलीपर्यंत अंदाजपंचेनं जी वायर ओढली होती ती होती दारावरच्या घंटीची. केसासारखी बारीक, ठिकठिकाणी पट्टीनं जोडलेली. बॅगेत उरली होती म्हणून लावली. उजेडात कॅमेरा त्या वायरीवर कसाबसा तग धरायचा. दिवे लागले की वीज वाटेतच दमायची आणि हा मान टाकायचा. जरा वेळानं पुन्हा डोळा उघडायचा, पुन्हा टाकायचा. बाकीचे कॅमेरे पेटीजवळ होते, त्यांना काही होत नव्हतं. रात्री आईंच्या खोलीतला दिवा चालूच असायचा, औषधाला उठावं लागतं म्हणून. त्यामुळे हा खेळ फक्त दुपारचा, मावशींच्या वेळेचा.

एवढं पुरे झालं की घराला. धाकट्याचा फोन आला, "वहिनी, रोज दुपारी आईची खोलीच कशी काळी होते? त्या वेळी तिथं कोण असतं?" कोण असतं ते सगळ्यांनाच माहीत होतं.

अंदाजपंचेला बोलावणं गेलं. आम्ही पोचलो तेव्हा खोलीत सगळी जमली होती. धाकटासुद्धा होता, म्हणजे वहिनींच्या हातातल्या फोनमध्ये. मावशी पडद्याजवळ उभ्या होत्या.

"ही पडदा ओढते आणि लगेच चित्र जातं," वहिनी म्हणाल्या. "योगायोग एकदा होईल, दोनदा होईल. रोज होतो का?"

"ताई, मी हात नाही लावलेला त्याला," मावशी म्हणाल्या. "तो कपाटाच्या वर आहे. माझा हात तरी पोचेल का?"

"स्टूल आहे की घरात."

अंदाजपंचे त्याच स्टुलावर चढला. कॅमेऱ्यातून विजेची पिन काढून घेतली आणि त्या सुट्या पिनेला माझी टोकं लावली. माझा जीव आनंदानं फुलून आला. कधी नव्हे ते मला कुणी काही विचारत होतं! मी आकडा दाखवला, बारा. बाराच हवे असतात. आणि दुसऱ्या क्षणी मला कळलं की घात झाला.

अहो, डोक्यावर काही नसलेल्या हमालाला विचारलं, जमेल का रे, तर तो हो म्हणणारच. पोतं डोक्यावर असताना विचारा ना! कॅमेरा काढून ठेवलेल्या वायरीत बारा दिसणारच, कारण तिच्याकडे कुणी काही मागतच नाही. कॅमेरा जोडलेला ठेवून, पडदा ओढून मला विचारलं असतं तर मी खरा आकडा दाखवला असता. मी खोटं बोललो नव्हतो. मला प्रश्नच चुकीचा विचारला होता, आणि माझ्या कपाळावर लिहिल्याशिवाय मला दुसरं काही बोलता येत नाही.

अंदाजपंचेनं मला उंच धरून सगळ्यांना दाखवलं. "हे बघा साहेब, पूर्ण बारा. वीज व्यवस्थित आहे. वायरीत दोष नाही, कॅमेऱ्यात दोष नाही. यंत्र काही खोटं बोलत नाही."

"म्हणजे?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणजे कुणीतरी हात लावतंय. अंदाजे पिन काढत असतील. मी आपलं यंत्र काय म्हणतं ते सांगतो."

यंत्र काय म्हणतं! वायर ह्याची, आळस ह्याचा, आणि साक्षीला मला उभं केलं. मला बोलता येत असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "बघ. बघ." आईंनी डावा हात उचलला होता आणि बोट पडद्याकडे केलं होतं. दुपारभर पडून पडून त्या बाईनं तो खेळ रोज पाहिला होता. पडदा हलला की वरचे लाल दिवे लागतात, मग विझतात, पुन्हा लागतात. खोलीत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. पण पडद्यासमोर मावशी उभ्या होत्या. बोट मावशींवर गेलं.

"बघा, आई स्वतः सांगताहेत," वहिनी म्हणाल्या.

"आईनंच दाखवलं, आता काय राहिलं?" फोनमधून धाकटा म्हणाला.

आईंनी हात जोरजोरात हलवला, मान हलवली, "बघ, बघ" करता करता त्यांना ठसका लागला. त्यांना धरायला धावल्या त्या मावशीच. वहिनींनी त्यांचा हात बाजूला केला, "राहू द्या आता." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी ऐकून होतो. इथं तर चोर स्टुलावर उभा राहून निकाल सांगत होता.

तोही अपमान खोलीत मिटला असता तर एक वेळ चाललं असतं. पण वहिनींची म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मावशी आपली पिशवी भरायला लागल्या तशा ह्या दार उघडून जिन्यात गेल्या आणि समोरच्या दारातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजारी माणसाशी काय करत असतील बंद खोलीत, देव जाणे! कॅमेरा बंद करून ठेवायची बाई!" थोरला आत पेपर चाळत बसला होता. त्यानं ऐकलं. पान उलटलं.

अंदाजपंचे त्या गडबडीत निघून गेला आणि मला खिडकीच्या कट्ट्यावर विसरला. नेहमीप्रमाणे चालूच ठेवून. मावशींनी मला पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली, मला उचललं, खटका फिरवून बंद केलं, दोन्ही तारा नीट गुंडाळून कट्ट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. "त्यांचं यंत्र राहिलंय ताई, द्या त्यांना," म्हणाल्या. जिला घरानं नुकतंच गुन्हेगार ठरवलं, ती दुसऱ्याच्या वस्तूची काळजी घेत होती. तोवर मला कुणीही बंद केलं नव्हतं. कामाचा दिवस संपल्यावर कुणी दिवा मालवून दिला तर कसं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

जाता जाता त्यांनी वहिनींना सांगितलं, "घास डावीकडून द्या. उजवीकडून दिला तर ठसका लागतो."  आई दाराकडे बघत राहिल्या.

अंदाजपंचेला मी नाही हे किती तरी दिवस कळलंच नाही. वापरतच नाही तर आठवण कशाला येईल? त्यामुळे पुढचं सगळं मी त्या कट्ट्यावरून पाहिलं, आणि माझ्या मनाला जी ओकारी आली ती अजून थांबलेली नाही.

नवी बाई आली. तिला पडद्याशी देणंघेणं नव्हतं. खुर्ची खिडकीशी ओढायची आणि मोबाइलमध्ये तोंड घालून बसायची. उजेड पडतो म्हणून तिला पडदा उघडाच बरा वाटायचा. त्यामुळे कॅमेरा दिवसभर चालू. झालं, घराला पुरावा मिळाला! "बघितलंत? मावशी गेल्या आणि कॅमेरा सुधारला," वहिनी येईल त्याला सांगायच्या.

आणि त्या सुधारलेल्या कॅमेऱ्यात काय दिसायचं? तळपत्या उन्हात तोंड करून पडलेल्या आई. मान भिंतीकडे वळवायचा प्रयत्न करणाऱ्या, डोळ्यांतून घळघळ पाणी वाहणाऱ्या. घास उजवीकडून, ठसका, अर्धं अन्न उशीवर. हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच बंद केलं. धाकटा फोनवर म्हणाला, "वहिनी, आता चित्र काय सुंदर येतंय! आईच्या उशीवरची फुलंसुद्धा मोजता येतात." उशीवरची फुलं दिसली त्याला. त्या फुलांवर सांडलेलं दिसलं नाही.

मग आईंचा डोळा सुजून लाल झाला. डॉक्टर येऊन बघून गेले आणि रागावून म्हणाले, "ह्यांच्या तोंडावर ऊन येऊ देऊ नका. आणि खातात की नाही? किती वाळल्यात!" त्या दिवशी नवी बाई आली नव्हती. पडदा ओढला वहिनींनी, स्वतःच्या हातांनी.

कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले, विझले. वहिनींच्या कमरेचा फोन वाजला. त्या नेहमी फोनचा आवाज मोठा करून बोलतात.

"वहिनी, पुन्हा काळं! नवी बाईसुद्धा तसलीच निघाली वाटतं. कोण आहे खोलीत?"

वहिनी पडद्याची कड धरून उभ्या होत्या. खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी पडदा उघडला. जरा वेळानं फोनमधून आवाज आला, "आलं, आलं." त्यांनी पडदा पुन्हा लावला. "गेलं." हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि मी वाट बघत होतो की ही बाई आता काय बोलते.

"लाइट गेली होती हो," वहिनी म्हणाल्या. "कॅमेरावाल्याला बोलावते."

पलंगावरून आई म्हणाल्या, "बघ." वहिनींनी तिकडे पाहिलं नाही.

अंदाजपंचे आला. मला कट्ट्यावर बघून म्हणाला, "अरे, हे इथं होय!" जसा काही मला शोधून थकला होता. ह्या वेळी पिन कॅमेऱ्यात घट्ट बसली होती, ओढून निघेना. कंटाळून त्यानं ती तशीच ठेवली आणि वायरीच्या टोकाच्या दोन स्क्रूंनाच माझी टोकं टेकवली. कॅमेरा जोडलेला होता. शहाणपणानं नव्हे, आळसानं का होईना, मला एकदाचा नीट प्रश्न विचारला गेला होता. उजेडात मी बाराच्या जरा खालचा आकडा दाखवला. तो "ठीक आहे" म्हणणार, एवढ्यात वहिनींनी न सांगता पडदा ओढला.

माझा आकडा धाडकन आठावर आला. कॅमेरा मेला, ओझं उतरलं, मी पुन्हा बारा. कॅमेरा उठला, दिवे लागले, पुन्हा आठ. मी कपाळ फोडून सांगत होतो म्हणा ना.

अंदाजपंचेनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरून गेलेल्या आपल्या घंटीच्या वायरीकडे पाहिलं. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं.

"वायर बारीक पडली," तो पुटपुटला. "जाड घेऊन येतो."

वायर यायला दुपार टळत आली. मला त्यानं आईंच्या पांघरुणावर ठेवलं होतं, चालूच. नवी वायर ओढून झाली, पिन बसवली. खोलीत पडदा तसाच ओढलेला होता, मिट्ट काळोख होता. आणि त्या काळोखात ती दोघं बोलली. एवढ्या दिवसांची सवय होती ना, पडदा ओढलेला म्हणजे कॅमेरा आंधळा! नुकताच आपण त्याला डोळस केला आहे, हे खुद्द करणाऱ्याच्याही ध्यानात आलं नाही. दिवाणखान्यात जाऊन चित्र बघायच्या आधीच तोंडं सुटली.

"मॅडम, साहेबांना वायरीचं नका सांगू. कॅमेरा जुना झाला होता म्हणतो."

"मीही तेच सांगणार आहे," वहिनी म्हणाल्या. "मावशींवर आळ घेऊन बसलोय आम्ही. घंटीच्या वायरीपायी घेतला, असं आता सांगू का लोकांना? तोंड दाखवायला जागा राहील का?"

"त्यांना मिळालं असेल दुसरं काम."

"मिळालं असेल नाही तर काय! आणि आई काय, त्यांना बोलता कुठं येतंय?"

दोघंही मूग गिळून बसायला तयार झाली. आणि इतकी वर्षं त्या बॅगेत राहून जी घाण मी पाहिली नव्हती ती मी त्या दोन वाक्यांत पाहिली. आईंना बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. त्यांचा डावा हात पांघरुणावरून सरकत माझ्यापर्यंत आला आणि त्यांनी मला घट्ट धरलं. वर, कपाटावर, लाल दिवे एकसारखे जळत होते. विझत नव्हते.

"बघ," आई म्हणाल्या. बोट कॅमेऱ्याकडे होतं.

फोन वाजला. वहिनींनी तो कानाला न लावता सवयीनं आवाज मोठा केला.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "चित्र अगदी स्वच्छ येतंय. आवाजसुद्धा."

 अंदाजपंचेनं बॅग उचलली आणि पाय लावून पळाला. मी पुन्हा राहिलो, ह्या वेळी आईंच्या मुठीत.

तुम्हाला वाटेल, आता तरी ह्या लोकांना लाज वाटली असेल. वाटली, पण कशी वाटली ते ऐका. संध्याकाळी थोरला घरी आला, धाकटा फोनवर होताच. पहिलं वाक्य थोरल्याचं, "झालं ते झालं. मावशींना बोलावून घेऊ. आईला करमत नाही म्हणून सांगू." धाकटा म्हणाला, "हो, वायरीचं काढायची काही गरज नाही." पडद्याआडचं बोलणं ऐकून ज्यानं वहिनींना पकडलं होतं, त्याला आपलं "आता काय राहिलं" आठवलं होतं ना! तीन शिकलेली माणसं, आणि एक माफी कशी टाळता येईल ह्याच्यावर अर्धा तास खल करत बसली होती.

थोरल्यानं फोन लावला. "मावशी, आई जेवत नाही हो. तुम्ही या परत."

पलीकडून मावशींनी आधी विचारलं, "आजींना ठसका लागतो का?" मग म्हणाल्या, "कॅमेरा कशानं बंद पडत होता, कळलं का?"

थोरल्यानं वहिनींकडे पाहिलं. "ते... वायरीचं काहीतरी होतं."

"बरं. मी उद्या येते. पण जिन्यात थांबेन. ताई जिथं उभ्या राहून बोलल्या होत्या तिथंच उभ्या राहून काय ते बोला. मग वर चढेन. नाहीतर खालूनच जाईन."

"अहो, लोकांसमोर कशाला..."

"लोकांसमोरच बोलला होतात ना."

सकाळी दार उघडं होतं. आईंच्या पलंगावरून जिना दिसत नाही, पण शब्द न् शब्द ऐकू येतो. समोरची दारं किलकिली झाल्याचं मी ऐकलं. अशा वेळी दारं बरोबर किलकिली होतात. वहिनी बाहेर गेल्या. घसा खाकरला.

"मावशी, या ना वर. तो जरा गैरसमज झाला होता."

खालच्या पायरीवरून मावशींचा आवाज आला, शांत. "कुणाचा?"

 थोरला घरातल्या घरात चपला शोधत होता, घालायच्या नसताना. आईंची मूठ माझ्याभोवती आवळली.

"झाला होता म्हणजे... कॅमेरावाल्यानं सांगितलं म्हणून..."

"गैरसमज कुणाचा झाला होता, ताई?"

जिन्यात कुणीतरी खोकलं. मग वहिनींचा आवाज आला. तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, इतका लहान. "माझा. तुम्ही काही केलं नव्हतं. वायर खराब होती, आणि मी तुमचं नाव घेतलं."

पायऱ्या वाजल्या. मावशी आत आल्या, हात धुतले आणि पलंगाच्या डाव्या बाजूला बसल्या. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना, होता तोसुद्धा. मग त्यांनी मूठ उघडून मला पुढं केलं. मावशींनी मला घेतलं आणि म्हणाल्या, "हे अजून इथंच? चालूच ठेवलंय बघा." खटका फिरवून त्यांनी मला बंद केलं. आणि पडदा ओढला.

ह्या एका बाईचा अपवाद मी सुरुवातीला केला होता.

इथंच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण मी दुसऱ्याच्या मालकीचा. दोन दिवसांनी अंदाजपंचेनं निरोप पाठवून मला मागवून घेतलं. आता मी पुन्हा त्याच बॅगेत आहे, त्याच मोज्याशेजारी. तुम्हाला वाटत असेल तो सुधारला. छे! कालच एका गोदामात गेलो होतो. संध्याकाळ झाली की फाटकावरचा कॅमेरा काळा पडतो, आणि मालकाला संशय रखवालदाराचा. रखवालदार टोपी हातात घेऊन उभा होता. अंदाजपंचे शिडीवर चढला आणि सगळ्यात आधी त्यानं काय केलं? पिन काढली. सुट्या पिनेला मला लावलं. मी बारा दाखवले. दुसरं काय दाखवणार? "यंत्र खोटं बोलत नाही," तो खाली ओरडला. रखवालदारानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला सोसली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी असा कुणी आला आणि मला उंच धरून दाखवायला लागला, तर त्याला म्हणा, कॅमेरा जोड, दिवे लागू दे आणि मग विचार. माणसांनाही तसंच विचारावं असं मला वाटतं, पण ते तुमचं तुम्ही बघा.

आणि लवकर म्हणा. माझ्या कपाळाच्या कोपऱ्यात बॅटरी उतरल्याची खूण कधीपासून लुकलुकते आहे. तो ती बघतो आणि अंगठ्यानं झाकतो. आम्हा मीटरांची बॅटरी उतरली की आकडे घसरत नाहीत, उलट चढतात. आठ असले तरी दहा दिसतील, मग बारा दिसतील. आजवर मला चुकीचं विचारत होते, तरी मी खरं सांगत होतो. थोड्याच दिवसांत नीट विचारलं तरी माझ्या तोंडून खोटं निघेल, आणि तेव्हाही तो मला उंच धरून तेच म्हणेल.

कुणीतरी माझी बॅटरी बदला. नाहीतर निदान त्या मावशींसारखं, खटका फिरवून मला बंद करून ठेवा.